पॅलोमाला वायफाय

"इथं बोंबील वाळत घातलेत की काय? फोटोत वास उतरायचा."

बोलणारे गृहस्थ स्टुलावर ताठ बसले होते. हनुवटी वर, दोन्ही कान दिसतील असं तोंड, पासपोर्टच्या फोटोला लागतं तसं. ओठ शक्य तितके न हलवता ते शेजारी उभ्या बायकोशी पुटपुटत होते. कॅमेऱ्यामागे चार फुटांवर नाजिमा होती. तिला अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

"तोंड मिटा," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

जाताना बायकोने पदर नाकाला लावला होता. नाजिमाला रागही आला नाही, कारण वास खराच होता आणि तिला स्वतःलाही तो सकाळपासून घशाशी आलेला होता. दुकान बुधवार पेठेतलं, खिडकी एक, तीही बोळात उघडणारी. वास जाणार कुठं?

तो येत होता पडद्यामागून. तिथं टेबलावर पॅलोमा उघडी पडली होती. पॅलोमा म्हणजे एक जुना कॉम्प्युटर. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीने नव्वदीत काढलेला. जगात कुणाशी जुळणार नाही अशी स्वतःचीच सिस्टीम त्याला दिली, आणि पाच-सहा वर्षांत कंपनी बुडाली. पण तेवढ्या काळात लग्नाच्या कॅसेटी करणाऱ्यांना पॅलोमाचं वेड लागलं. नवरा-नवरीची नावं गुलाबातून उमलायची, बदामात गोल फिरायची, वरून फुलांसारखी पडायची, ती सगळी करामत हिची. एके काळी बुधवार पेठेत तीन पॅलोमा होत्या. दोन भंगारात गेल्या. तिसरी नाजिमाच्या नवऱ्याने आणलेली. अमीनने. तो गेला आणि ती माळ्यावर गेली.

गेला म्हणजे वारला नव्हता. वारला असता तर निदान लोकांना त्याचं नाव घेता आलं असतं. वीस वर्षांपूर्वी तो दोन वर्षांच्या करारावर शारजाला गेला आणि तिथं त्याने दुसरं घर केलं. तलाकचा कागद कुरियरने आला, त्या दिवशी दुकानात शाळेच्या आयकार्डांची गर्दी होती, म्हणून नाजिमाने तो संध्याकाळी वाचला. शहजादी तेव्हा सहा वर्षांची. 'अमीन मिक्सिंग सेंटर' खोडून 'शहजादी डिजिटल' लिहायला पेंटर दुसऱ्याच दिवशी आला. मग कॅमेरा, लाइट, मिक्सिंग, कॅसेटवरून सीडी, सीडीवरून पेन ड्राइव्ह, जे जे लागत गेलं ते ते नाजिमा मॅन्युअल वाचून शिकत गेली. इंग्रजीही तिथूनच शिकली. त्यामुळे 'खबरदार, झाकण उघडण्यापूर्वी प्लग काढा' हे ती इंग्रजीत सफाईने लिहायची, आणि 'कसे आहात' लिहायची वेळ आली की अडायची.

तीन आठवड्यांपूर्वी शहजादीने जेवताना विषय काढला. ती खराडीला एका कंपनीत टेस्टिंगमध्ये होती. लग्न ठरलं होतं, तालिब म्हणून मुलगा, तिच्याच मजल्यावरच्या दुसऱ्या टीममधला. वाघोलीचं लॉन बुक झालेलं.

"अम्मी, माझ्या पहिल्या बर्थडेचं ते टायटल आहे ना, कबुतरांचं? लॉनवर मोठी एलईडी वॉल आहे. निकाहच्या दिवशी ते लावू या."

टायटल चाळीस सेकंदांचं होतं. एकेक कबूतर येतं, चोचीत एकेक अक्षर, आणि सगळी मिळून 'शहजादी' लिहितात. अमीनने ते करायला दोन महिने घेतले होते. कॅसेटला कधीच बुरशी लागली. आता ते फक्त पॅलोमाच्या पोटातल्या डिस्कवर होतं.

"कशाला ते?" नाजिमा म्हणाली. "मी तुला नवीन करून देते. ड्रोन शॉटवर."

"नको. तेच." शहजादी पानातला भात चिवडत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "लग्नात अब्बांचं काहीतरी असू दे."

काहीतरी. समोर नाजिमाचा धाकटा भाऊ एजाज बसला होता. निकाहात वकील म्हणून मुलीची संमती विचारायला तोच जाणार होता, हे न बोलता ठरलं होतं. तो एकदम रायत्यात मीठ कमी आहे का बघू लागला. नाजिमाने पाण्याचा तांब्या उचलला, भरलेलाच होता, तरी भरायला गेली. मुलीला काय हवंय ते त्या खोलीतल्या तिघांनाही कळलं होतं. चाळीस सेकंदांची कबुतरं तिला नको होती. पण ज्या बाईने वीस वर्षं एकटीने वाढवलं तिच्या तोंडावर कुठल्या मुलीला म्हणता येतं, मला बाप हवा? निकाहात नाव तर वाचलंच जाणार होतं, शहजादी बिन्ते अमीन, म्हणजे अमीनची मुलगी, चारशे माणसांसमोर, लाउडस्पीकरवर. फक्त त्या नावाचा माणूस तिथं नसणार होता.

"बघते," नाजिमा मोरीतून म्हणाली.

आणि म्हणून पॅलोमा माळ्यावरून खाली आली.

खाली आली ती घाणीसकट. पोटात पालीची अंडी होती, चार फुटलेली, एक शाबूत. मागच्या सॉकेटांवर वर्षानुवर्षं पाली मुतल्या होत्या, तांब्याला हिरवी बुरशी आलेली. फ्लॉपीच्या फटीत झुरळाचे पंख. नाजिमाने नाकाला ओढणी बांधली, हातमोजे घातले आणि जुन्या टूथब्रशने घासत बसली. प्रत्येक फटीतून काही ना काही निघायचं आणि ती "शी" म्हणायची. ते 'शी' झुरळाला किती होतं आणि ज्याने हे मशीन घरात आणलं त्याला किती, याचा हिशेब तिने केला नाही.

मशीन चालू झालं, हाच मोठा चमत्कार. पण वीस मिनिटं चाललं की जुने कपॅसिटर तापायचे, त्यातलं पाणी झिरपायचं आणि सुक्या मासळीचा वास सुटायचा. फ्लॉपी वाचायचं, पण लिहायचं नाही. म्हणजे आत काहीही घालता येत होतं, बाहेर काही निघत नव्हतं. मागची सॉकेटं पालींनी खाल्लेली. डिस्क सोडवून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तर तो म्हणे, ही डिस्क रिकामी आहे, पुसून टाकू का? नाजिमाने घाईघाईने वायर उपटली.

उरली एकच वाट. पॅलोमाच्या कुशीत एक चपटी फट होती. त्यात वायरलेसचं कार्ड बसतं, आणि हौशी लोकांनी त्यासाठी ड्रायव्हर लिहिलेत, असं इंटरनेटवर कळलं. ड्रायव्हर म्हणजे मशीन आणि कार्ड यांच्यामधला दुभाष्या. तो चालला तर पॅलोमा वायफायवर येईल आणि फाइल हवेतून निघेल.

कार्डासाठी ती दोन रविवार जुन्या बाजारात उकिडवी बसली. मोबाईलचे सांगाडे, चष्म्यांच्या काड्या, कुणाच्या तरी कवळ्या, आणि त्या ढिगात हात घालून कार्ड शोधायचं. तीन मिळाली. तिन्हीवर नंबर एकच, आतली चिप मात्र प्रत्येकाची निराळी. कंपन्या असा हलकटपणा करतात हे तिला नव्याने कळलं नाही, पण दोन्ही रविवारी घरी येऊन हात साबणाने घासताना पुन्हा कळलं.

मग ती पॅलोमावाल्यांच्या फोरमवर गेली. अख्ख्या जगात त्रेचाळीस सभासद. बहुतेक पुरुष, बहुतेक रिटायर, आणि सगळे दुसऱ्याला शहाणं करायला टपलेले. तिने मॅन्युअलच्या इंग्रजीत लिहिलं: कार्ड घातले. ड्रायव्हर स्थापित केला. तीन सेकंद दिवा लागतो. नंतर पडदा राखाडी होतो. कृपया उपाय सांगा. दुकान शहजादी डिजिटल, पुणे, भारत.

एकाने विचारलं, नवीन कॉम्प्युटर का घेत नाही? दुसऱ्याने तिने विचारलेलंच तिला उलट समजावलं, दोन पानांत. तिसरा त्याला म्हणाला तुझं चुकतंय, आणि ते दोघे आपसात चार दिवस भांडत बसले. नाजिमाला वीट आला. असल्या माणसांना ती रोज काउंटरवर बघत होती. निदान ते फोटो काढून जात तरी होते.

पाचव्या दिवशी एक निराळं उत्तर आलं. लिहिणाऱ्याचं टोपणनाव क्रीकसाइड. ना नमस्कार, ना उपदेश.

आधी झाकण काढ, त्याने लिहिलं होतं. कार्डाच्या फटीमागे एक काळी पट्टी आहे, ती सैल असेल, दाबून बसव. स्क्रू पाच आहेत. ते बशीत त्याच क्रमाने ठेव. मगरीबचा आखूड आहे, दुसऱ्यात मिसळू नकोस.

खाली लगेच एका डच म्हाताऱ्याने विचारलं होतं: मगरीब म्हणजे काय? पार्ट नंबर आहे का?

त्याला उत्तर मिळालं नव्हतं.

नाजिमाने मोबाईल पालथा ठेवला. उठली, बेसिनपाशी गेली, हात धुतले. पुन्हा धुतले.

पॅलोमाच्या झाकणाला पाच स्क्रू होते, आणि त्यांची नावं या दुकानात पडली होती. फजर वरचा डावा, मग जोहर, असर, मगरीब, आणि शेवटी ईशा. पाच वेळच्या नमाजांची. अमीन एरवी जुम्म्यालाही कसाबसा मशिदीत जायचा, पण स्क्रू या क्रमाने सोडले नाहीत तर झाकण तडकतं म्हणून त्याने ही युक्ती काढली होती. शहजादीला नमाज शिकवण्याआधी ही नावं पाठ झाली होती. स्टुलावर बसून ती म्हणायची, अब्बा, असर द्या. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही माणसाला मगरीबचा स्क्रू आखूड आहे हे माहीत असायचं कारण नव्हतं.

किळस आली तिला. त्याची तर आलीच, पण त्याहून जास्त स्वतःची, कारण ती ओळ तिने पुन्हा उघडून वाचली. वीस वर्षांत ना ईदला फोन, ना मुलीच्या दहावीला चार ओळी, आणि आता स्क्रूवर बोलतोय. तेही इंग्रजीत, तेही परक्यासारखं. आणि दुकानाचं नाव, पुणे, मशीन, सगळं वाचूनही 'तू नाजिमा का' एवढं विचारायची ताकद नाही.

तिच्यात तरी कुठं होती? तिने पाच स्क्रू बशीत ठेवले, क्रमाने, पट्टी दाबून बसवली, आणि लिहिलं: पट्टी बसवली. परिणाम तोच. पुढील सूचना द्या.

त्यानंतर रोज एक सूचना यायची, रोज एक उत्तर जायचं. व्होल्टेज मोज. मोजले. ड्रायव्हरची मागची आवृत्ती घाल. घातली. राउटरचं कुलूप जुन्या पद्धतीचं कर, पॅलोमाला नवीन उघडता येत नाही. केले. कुणी वाचलं असतं तर दोन मेकॅनिक वाटले असते. घरात मात्र एकजण ते वाचत होती.

"आज क्रीकसाइड काय म्हणाले?" शहजादी पोळीचा तुकडा मोडत विचारायची. 'म्हणाला' नाही. 'म्हणाले'.

"व्होल्टेज कमी आहे म्हणे."

"अच्छा." आणि मग, "बरं चालू आहे ना त्यांचं? म्हणजे... त्यांच्याकडची पॅलोमा?"

"मी काय त्याच्या मशीनची चौकशी करत बसू?"

"नाही, तसं नाही." पोळी संपली तरी ती तुकडे मोडण्याची हालचाल करत राहिली. तिलाही मगरीब कळला होता. नाजिमाला हे माहीत होतं, आणि आपल्याला माहीत आहे हे पोरीला कळलंय हेही माहीत होतं. एजाज एकदा म्हणाला, "आपा, हे फोरमवाले लोक कधी इकडं येत-बित नाहीत का?" नाजिमाने त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढचे तीन दिवस जेवायलाच आला नाही.

लग्नाला नऊ दिवस उरले. पॅलोमा अजून तीन सेकंदांनी राखाडी होत होती.

त्या दिवशी क्रीकसाइडने विचारलं, आजूबाजूला कुणाकुणाची वायफाय दिसतात? सगळी नावं जशीच्या तशी लिही.

नाजिमाने मोबाईल उघडून यादी केली. अकरा नावं होती. घड्याळवाल्याचं, झेरॉक्सवाल्याचं, वरच्या क्लासचं. आणि शेजारच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातल्या यज्ञेश्वरकाकांचं, जे त्यांनी देवनागरीत ठेवलं होतं: 'विचारू नये'. पुस्तक चाळायला येणारी कॉलेजची पोरं पुस्तक ठेवून पासवर्ड मागायची, म्हणून.

उत्तर दहा मिनिटांत आलं. हाच घोळ आहे. ड्रायव्हर जोडण्याआधी सगळी नावं वाचत जातो, देवनागरीशी आला की गुदमरतो. लिहिणाऱ्याने अशी नावं कोणी ठेवेल असा विचारच केला नव्हता. पुण्यात मशीन लावून बघायला हवं होतं. त्याला नाव बदलायला सांग. आणि दोनदा सांग, पहिल्यांदा तो नाहीच म्हणतो.

नाजिमाने त्या नावापुढे 'शेजारी' एवढंच लिहिलं होतं. यज्ञेश्वरकाकांचं नाव, वय, स्वभाव काही नाही. ती ते शेवटचं वाक्य बघत राहिली. हा माणूस आता लपायचाही आळस करत होता. की लपून दमला होता? तिने स्वतःला बजावलं, दमू दे. आणि शेजारी गेली.

यज्ञेश्वरकाका पुठ्ठ्याच्या खोक्यावर बसून एका फाटक्या शब्दकोशाला डिंक लावत होते. वर न बघता म्हणाले, "पुस्तक हवं असेल तर बोला. वास घेऊन आला असाल तर तो इथंही पोचलाय, आभारी आहे."

"काका, तुमच्या वायफायचं नाव बदलायला हवं."

"का? काही खोटं लिहिलंय?"

"इंग्रजी अक्षरांत करा. थोड्या दिवसांसाठी. माझ्या मशीनला देवनागरी वाचता येत नाही."

"मग शिकवा."

"ते शिकण्यापलीकडे गेलंय."

"अशांसाठी आम्ही बदलायचं. छान." त्यांनी ब्रश डिंकात बुडवला. "जमणार नाही."

नाजिमा गेली नाही. तिथंच उभी राहिली, इतिहासाच्या पुस्तकांवरची धूळ बघत. इथंही धूळ, इथंही वाळवी, सगळीकडे काही ना काही कुजतंय आणि माणसं डिंक लावत बसलीत. "काका, शहजादीच्या लग्नाचं काम आहे," ती म्हणाली. "बदला ना."

काकांनी आता चष्म्यावरून बघितलं. "हे नावामुळे अडतंय, ते शोधलं कुणी? तुम्ही?"

"इंटरनेटवर एक माणूस आहे."

"कुठला?"

"तिकडचा."

"तिकडचा," काका म्हणाले, आणि त्यांनी डिंकाच्या बाटलीचं झाकण नीट फिरवून बंद केलं. वीस वर्षांपूर्वी याच खोक्यावर बसून अमीन त्यांच्याबरोबर चहा घ्यायचा. काकांनी तेव्हापासून त्याचं नाव एकदाही काढलं नव्हतं, ना चांगल्याला ना वाईटाला. आताही काढलं नाही. "बरा आहे का? तो माणूस. इंटरनेटवरचा."

"मी विचारलेलं नाही."

"हं." मग ते उगाचच खाकरले. "एक सांगा नाजिमाबाई. मला यातलं काही कळत नाही. पण तुम्ही लोकांच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देता ना? तो डबा आहे ना तुमच्याकडे? मग या मशीनचं चित्र टीव्हीवर दिसतं ते तसंच त्या डब्यातून उतरवून घेतलं असतं. तीन आठवडे ही मासळी कशाला शिजवताय?"

नाजिमाच्या कानशिलांना ऊब आली.

"क्वालिटी जाते," ती म्हणाली.

"असं होय."

"कडा फाटतात. मोठ्या स्क्रीनवर दिसतं ते."

"बरोबर. कडा फाटतात." काका उठले, कोनाड्यातल्या राउटरपाशी गेले, खिशातून मोबाईल काढला आणि एका बोटाने बराच वेळ काहीतरी दाबत राहिले. "केलं. आता इंग्रजीत विचारू नका म्हणतोय."

दुकानात परत येईपर्यंत ती स्वतःवर इतकी चिडली होती की पायरीवर अडखळली. डबा टेबलाखालीच होता. पहिल्या दिवसापासून. कडा थोड्या फाटतात, हे खरं. पण चाळीस सेकंदांच्या टायटलमध्ये कुणाला दिसणार होत्या? डबा लावला असता तर पहिल्याच संध्याकाळी काम संपलं असतं, आणि फोरमवर कुणाला काही लिहायचं कारण उरलं नसतं. आधी तिला माहीत नव्हतं तिकडं कोण आहे. कळल्यावर तर डबा काढायचा सवालच नव्हता. मुलीला दुसरं काही देता येत नव्हतं, म्हणून तिने रोजची ती एक ओळ दिली होती, जेवताना विचारता येईल अशी. मुलीसाठीच, असं तिने मनाशी म्हटलं, आणि ते मनाला फारसं पटलं नाही.

तिने शहजादीला फोन केला. "मिळालं कारण. आज होईल बहुतेक."

"मी हाफ डे टाकते."

"कशाला? फाइल तर कॉपी करायची आहे."

"येते अम्मी," शहजादी म्हणाली आणि फोन ठेवला.

ती खराडीहून आली तेव्हा तीन वाजले होते. ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच. नाजिमाने काउंटरची फळी लावून घेतली, पडदा सारला आणि कार्ड फटीत सरकवलं. दिवा लागला. एक, दोन, तीन. चार. पडदा राखाडी झाला नाही. अकरा नावांची यादी खाली उतरली आणि तिच्यात तिचं स्वतःचं नेटवर्क दिसलं. तिने पासवर्ड टाकला.

पॅलोमा जगाला जोडली गेली. नाजिमाला आनंद व्हायला हवा होता. तिने ओढणी पुन्हा नाकावर घट्ट बांधली.

फोरमची साधी अक्षरांची एक गप्पांची खोली होती, तेवढी जुन्या सिस्टीमवर उघडायची. क्रीकसाइडने आधीच सांगून ठेवलं होतं, चाललं तर पॅलोमावरूनच तिथं ये, म्हणजे खात्री होईल. ती गेली. आत चारजण होते. डच म्हाताऱ्याने टाळ्यांची चिन्हं पाठवली आणि पुन्हा विचारलं, मगरीब म्हणजे काय ते सांगा आता तरी.

क्रीकसाइडने लिहिलं: सिग्नल?

नाजिमाने लिहिलं: बासष्ट.

चांगला आहे. फाइल पाठवायला लाव.

लावली. अकरा मिनिटं दाखवत होतं. शहजादी तिच्या खुर्चीमागे उभी होती, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून. नाजिमाला तिचा श्वास मानेवर जाणवत होता. पडद्यावर हिरवी रेघ मुंगीच्या चालीने पुढे सरकत होती आणि वास चढत होता.

चौथ्या मिनिटाला त्याने लिहिलं: वास येतो का अजून? मासळीचा?

येतो.

तो जाणार नाही.

नाजिमाला वाटलं, की-बोर्ड उचलून त्या बोळात भिरकावावा. वीस वर्षांनी माणूस वासाची चौकशी करतो. मागे पोर उभी आहे, तिकडं हा बसलाय, मधे मी, आणि तिघं मिळून कपॅसिटरवर बोलतोय. किती घाणेरडी अदब ही. झुरळाचे पंख परवडले, ते निदान ब्रशने निघतात.

रेघ भरली. फाइल नव्या कॉम्प्युटरवर आली, नाजिमाने ती त्यावर चालेल अशी बदलून घेतली आणि चालवली. कबुतरं आली. चोचीत अक्षरं, थोडी चौकोनी, थोडी धक्के खात, पण सगळी आली आणि आपापल्या जागी बसली. शहजादी.

"छान आहे," शहजादी म्हणाली.

हा सूर नाजिमाला ओळखीचा होता. पासपोर्टचा फोटो हातात घेऊन गिऱ्हाईक म्हणतं तो. आवडलेला नसतो, पण काय करणार, आपलंच तोंड. पोरीने कबुतरं दुसऱ्यांदा बघितलीही नाहीत. तिचे डोळे परत पॅलोमाकडे गेले होते, त्या काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या ओळींकडे.

तिथं नवी ओळ आली होती.

काम झालं तर. आता मशीन बंद करून ठेव. ऑल द बेस्ट.

ऑल द बेस्ट. परीक्षेला निघालेल्या शेजाऱ्याच्या पोराला म्हणतात तसं.

खुर्चीच्या पाठीवरचे हात सुटले. "चल अम्मी," शहजादी फार हळू म्हणाली, "मिळालं ना. मी चहा टाकते." आणि ती बाहेर जायला वळली. तिचा आवाज अगदी साधा होता. सहा वर्षांची असताना, शारजाहून पत्र आलं का हे विचारायचं तिने एक दिवस आपण होऊन बंद केलं होतं, त्या दिवशीही असाच होता.

"थांब," नाजिमा म्हणाली.

तिने की-बोर्ड पुढे ओढला. इंग्रजी बाजूला सारलं. अक्षरं इंग्रजीच होती, पॅलोमाला दुसरी येत नव्हती, पण बोलणं घरचं होतं. डच म्हातारा आणि बाकीचे दोघे बघत होते, बघू देत. ती एकेक कळ जोरात दाबत गेली, आणि शहजादी मागून ते उमटताना वाचत राहिली.

अमीन, मी नाजिमा आहे आणि हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. शहजादीचा निकाह चौदा तारखेला आहे, वाघोलीला, सकाळी अकरा वाजता. मला तू नको आहेस. तिला हवा आहेस. ये.